जिप्सीच्या फायबर टपाची बाजूची काच: नवी बसवण्याआधी जुनी का फुटली ते बघूया

राधानगरीकर

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे.

गाडी मारुती जिप्सी, एमजी ४१० डब्ल्यू, १९९४ चं मॉडेल. वडिलांनी घेतली तेव्हा कॅनव्हासचं हूड होतं. पुढे त्यांनी कोल्हापुरातच फायबरचा टप, म्हणजे बोल्टने बसणारं खिडक्यांसकट कडक छत, करून घेतला. नवीन वाचकांसाठी थोडं सांगतो. जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली ती हूडवालीच. पाऊस, धूळ आणि चोऱ्या यांना कंटाळून लोक बाहेरून फायबरचे टप बसवायला लागले. ते इतके चालले की पुढे कंपनीनंही बोल्टने बसणारा टप दिला. आमचा टप बाहेरचा. ज्यांनी केला त्यांचं दुकान बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे तयार काच कुठे मिळण्याचा प्रश्नच नाही.

गेल्या आठवड्यात डाव्या बाजूची मागची काच फुटली. गाडी घरासमोर उभी होती, भर दुपार, आसपास कोणी नाही. एकच फट्ट आवाज आला आणि बाकावर, पायपुसण्यावर, मागच्या दारापर्यंत ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडेच तुकडे. काच न सरकणारी होती, सपाट, भोवती काळं रबर.

इथल्या उद्यमनगरात (कारखान्यांची वसाहत) बोर्ड करणारा एक ओळखीचा आहे, तो म्हणतो ॲक्रिलिक शीट कापून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो घराच्या खिडकीची काच लावून टाका, कोण बघतंय. मला दोन्ही पटत नाही. या गाडीवर वडिलांचा जीव आहे आणि मागे बाकावर आमची मुलं बसतात. काच कुठली घ्यावी, माप कसं घ्यावं, जुनं रबर परत चालेल का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा, पाऊस तोंडावर आलाय.

काचकाम

काचेची काळजी सोडा, ती मिळेल. मी पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणून आधी उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: फुटली का?

दाण्याएवढे तुकडे झाले म्हणजे टफन काच होती. ती कशी बनते ते कळलं की फुटते का तेही कळतं. साधी काच मापाला कापायची, कडा घासायच्या, भोक हवं तर पाडायचं, आणि मग भट्टीत ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून दोन्ही अंगांनी हवेच्या झोताने एकदम गार करायची. वरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागून आकसतो. त्यामुळे वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. यामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते, आणि यामुळेच एक चीर गाभ्यापर्यंत गेली की अख्खी काच एका क्षणात मोकळी होते. भट्टीतून आल्यावर ती कापता येत नाही, घासताही येत नाही. म्हणून माप पहिल्यांदाच बरोबर द्यावं लागतं.

आता उन्हाचं. गाडी उन्हात होती, काच तापून फुटली, असं सगळेच म्हणतात. टफन काच साधारण २०० अंशांचा तापमानातला फरक सोसते. कोल्हापूरचं ऊन तिचं काही वाकडं करत नाही. काचेच्या पोटात निकेल सल्फाइडचा कण राहिला तर ती वर्षांनंतरही आपोआप फुटू शकते हे खरं, पण तो प्रकार विरळा आणि जास्त करून इमारतींच्या जाड काचांत दिसतो. गाडीच्या काचेत मी आधी कडेचा विचार करतो. टफन काच पोटावर हातोडीचा फटका एखाद्या वेळी खाऊन जाईल, पण कडेला टोकदार काही टेकलं किंवा चौकटीनं कोपरा दाबला की संपलं.

तर सांगा: टप अलीकडे काढला होता का? चौकटीजवळ एखादा स्क्रू आहे का? फुटली तेव्हा गाडी सपाट जागी होती का?

राधानगरीकर

टप मार्चमध्ये काढला होता, मागच्या हौद्याला रंग द्यायचा होता म्हणून. गॅरेजवाल्यांनी परत बसवला. डाव्या मागच्या कोपऱ्याचा बोल्ट भोकाला येत नव्हता, तो पहारीने ओढून घेतला असं तिथला पोरगा म्हणाला होता.

आत पडद्याची पट्टी आहे, तिचा एक स्क्रू काचेच्या वरच्या कडेजवळ आहे. काढून बघितला, टोक रबराच्या अलीकडेच संपतं, काचेला लागत नसावं.

आणि गाडी सपाट नव्हती. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे डावं मागचं चाक नेहमी गटाराच्या फरशीवर चढवून लावतो.

घाटमाथा

मग उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे.

माझ्याकडे नाशिकला जिप्सी किंग आहे, तीही बाहेरच्या टपाची. जिप्सी शिडीच्या चासीवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, उभी आहे, पुढे-मागे पट्ट्याचे स्प्रिंग. एक चाक उचललं की चासी पिळते, तिच्यावरची बॉडी थोडी पिळते, आणि बोल्टने आवळलेला टपही तिच्याबरोबर पिळतो. उघड्या गाडीत हे जाणवत नाही. टप म्हणजे वरून बंद खोका, त्याला खिडक्यांची भोकं. पिळ सगळा त्या भोकांच्या कोपऱ्यांत जातो. त्यात तुमचा एक कोपरा आधीच पहारीने ओढलेला.

काच सांगायच्या आधी कर्ण मोजा. खिडकीचे कोपरे गोल असतील, म्हणून सरळ कडांवर स्टीलपट्टी ठेवून त्या पुढे वाढवा आणि जिथे छेदतात ते चार बिंदू मागे चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर काढा. मग दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे. एकदा सगळे बोल्ट आवळलेले असताना, एकदा सैल करून. गाडी सपाट फरशीवर हवी. दोन आकडे इथे टाका.

सह्यसखी

वाचतेय. माझ्या जिप्सीची उजवी काच मी स्वतः बसवली आहे, काच हातात आली की बसवण्याची पद्धत लिहीन. तोपर्यंत एक काम लगेच करा: तुकडे व्हॅक्यूमने काढा, झाडूने नको. रबराच्या खाचेत आणि टपाच्या खालच्या कडेच्या पॅकिंगमध्ये जे दाणे अडकतात ते नव्या काचेच्या कडेला टेकतात. रबर बाहेर काढून उलटं करून बघा.

फायबरकाका_मालवण

राधानगरीकर, मी बोटी दुरुस्त करतो, गाड्या नाही. पण फायबर तेच. कर्ण मोजायच्या आधी खिडकीचे चारही कोपरे ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि रंगावर थोडी शाई नाहीतर काजळ चोळून परत पुसा. तडा असेल तर काळी रेघ राहते. आतल्या बाजूनेही बघा. वरून बारीक दिसणारी रेघ नुसत्या जेलकोटची, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराची असते, ती चालते. आतून मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) धागे पांढरे पडलेले दिसले तर तिथली ताकद गेली समजा.

राधानगरीकर

काका, तुमचा अंदाज खरा ठरला. डाव्या खिडकीच्या खालच्या मागच्या कोपऱ्यातून साधारण ४ सेंमी लांब रेघ आहे, आतून धागे पांढरे.

आणि घाटमाथा, हे आकडे. खिडकीचं भोक ७६० बाय ४०० मिमी. बोल्ट आवळलेले असताना एक कर्ण ८६३, दुसरा ८५५. डाव्या मागच्या कोपऱ्याचे दोन बोल्ट सैल केले तर टप स्वतःहून वर आला, टप आणि हौद्याच्या काठात बोट जाईल एवढी फट पडली आणि दोन्ही कर्ण ८५९ झाले.

घाटमाथा

८ मिमी फरक! एवढा पिळ काचेवर होता आणि त्यावर तुम्ही रोज एक चाक फरशीवर चढवत होता. रबरात मोकळीक कडेला एखादा मिमी असते. बाकी सगळं काचेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर येतं. याच चौकटीत नवी काच बसवली असती तर तीही गेली असती, कदाचित मुलं बसलेली असताना.

टप बोल्टने खाली ओढायचा नाही, फट भरून काढायची. बोल्ट सैल ठेवून टप स्वतःच्या वजनावर बसू द्या, प्रत्येक बोल्टपाशी फट मोजा, आणि तेवढ्या जाडीचं कडक रबराचं पॅकिंग त्या त्या ठिकाणी द्या. बोल्टचं भोक जुळत नसेल तर भोक लांबट करा, मोठा वॉशर टाका. फायबरला बारीक वॉशर कधीच नको, तो आत रुततो. मधली फट लांब स्पंज रबराने बंद होते.

यॉर्कशायरकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात. माझ्याकडे लँड रोव्हर सीरिज थ्री आहे (ती १९७१ ते १९८५ बनत होती). तिचाही टप बोल्ट काढून उतरवता येतो, फक्त तो ॲल्युमिनियमचा. बाजूच्या काचा सरकत्या आहेत. तिथे दुखणं वेगळं, पण मूळ तेच, चौकट. काच ज्या पट्टीत सरकते तिच्या आत पोलादी पट्टी आणि वर लव असते. लवेत पाणी धरतं, पोलाद गंजतं, गंज फुगतो आणि पट्टी काचेला चिमटते. इथल्या ओल्या हवेत त्या पट्टीत चक्क शेवाळ उगवतं, हे प्रत्येक सीरिजवाल्याला माहीत आहे. काच जड सरकायला लागली की लोक जोर लावतात आणि तिथेच ती जाते.

सरकत्या काचा असणाऱ्यांनी वर्षातून एकदा खालच्या पट्टीची पाण्याची भोकं तारेने मोकळी करावीत. आपल्याकडे घाटातली लाल माती तिथे बसून दगड होते.

मीनाक्षी_ठाणे

एक शंका. ॲक्रिलिक राधानगरीकरांना पटत नाही, पण पॉलिकार्बोनेट? ते तर हातोडीनेही फुटत नाही म्हणतात. मुलं मागे बसणार असतील तर तेच बरं ना?

काचकाम

मीनाक्षीताई, प्रश्न रास्त आहे. पॉलिकार्बोनेट फुटत नाही हे खरंच. पण दोन अडचणी. पहिली, ओरखडे. घाटातली धूळ बसलेली काच आपण कोरड्या फडक्याने पुसतो, वर्षभरात ती धुरकट होते आणि समोरून दिवे आले की काही दिसत नाही. कडक लेप दिलेली शीट येते, ती बरी टिकते, पण कापलेल्या कडेला लेप नसतो.

दुसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. तापमानाने ते काचेच्या सातपट वाढतं. ७६० मिमी लांबीत रात्रीच्या आणि दुपारच्या उन्हातल्या टपात ४० अंशांचा फरक धरला तर काच पाव मिमीच्या आसपास वाढते, पॉलिकार्बोनेट तब्बल २ मिमी. एच आकाराच्या रबरात (एका खाचेत काच, दुसरीत टपाचा काठ) बसवलं तर दुपारी पोट फुगवतं, पहाटे रबरातून कड सुटते. तेवढी जागा सोडून, वेगळ्या चौकटीत बसवायला हवं. काचेसाठी केलेल्या जागेत ते बसवू नका.

घराच्या खिडकीच्या काचेबद्दल तर बोलायलाच नको. ती साधी काच, फुटली की लांब सुऱ्यासारखे तुकडे. मुलांच्या मानेशेजारी ती बसवणं हा गुन्हा आहे, मी हे शब्द विचार करून लिहितोय.

घाटमाथा

आणि लॅमिनेटेड? मला एकाने सांगितलं की ती गावातच कापून मिळते, भट्टीची भानगड नाही.

काचकाम

मिळते. दोन पातळ काचा, मध्ये प्लास्टिकचा थर. दोन्ही बाजूंनी काच कापायची, मग मधला थर तापवून सोडवायचा, चांगला कारागीर करतो. फुटली तरी जागेवर राहते. गाडी सपाट रस्त्यावर चालणारी आणि चौकट धातूची असती तर मी हरकत घेतली नसती. पण त्यातल्या काचा टफन नसतात, त्यामुळे पिळणाऱ्या टपात कोपऱ्यातून तडा जातो. शिवाय कडेला पाणी साचलं की थर सुटून पांढरे डाग पडतात. अपघातात बाहेर पडायला बाजूची काच फोडावी लागली तर लॅमिनेटेड आडवी येते, हाही मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. जिप्सीच्या टपाला मागून एकच दार आहे.

तेव्हा टफन, ५ मिमी. जुना तुकडा कॅलिपरने मोजा, ४ असेल तर ४ च घ्या, कारण रबराची खाच त्याच जाडीची असते. वजनाचाही फरक पडतो: १ चौरस मीटर काच दर मिमीला अडीच किलो भरते. तुमच्या मापात ४ मिमीची २.९ किलो, ५ मिमीची ३.६ किलो.

आता माप. भोकाचंच घ्यायचं, जुन्या काचेच्या आठवणीवर जायचं नाही. आणि कर्ण सारखे झाल्यावरच घ्यायचं. एच रबराच्या मधल्या भिंतीची जाडी मोजा. ती समजा ५ मिमी. ७६० मधून दोन्हीकडचे ५ वजा, ७५०. मग प्रत्येक बाजूला १ मिमी मोकळीक, म्हणजे ७४८. उंची तशीच ४०० ची ३८८. कोपऱ्याची गोलाई भोकाच्या गोलाईतून तेवढीच कमी करायची, भोकाची ६० असेल तर काचेची ५४. ही गोलाई लोक विसरतात आणि मग कोपऱ्यात रबर सुरकुततं, तिथूनच पाणी येतं.

नुसते आकडे देऊ नका, ३ मिमी प्लायचा फर्मा करा. फर्म्याला रबर लावून भोकात बसवून बघा. चारही बाजूंनी अंगठ्याने दाबल्यावर जरा हलला पाहिजे, सैल पडता कामा नये. फर्म्यावर 'बाहेरची बाजू' आणि 'वर' लिहा. बाहेरच्या टपांत डावी-उजवी सारखी असेलच असं नाही.

काचवाल्याला सांगायच्या गोष्टी: कडा चारही बाजूंनी घासून गोल करायच्या, नुसती धार मारून चालणार नाही. आणि काच गाडीसाठीची हवी, आयएस २५५३ भाग २ चा छाप कोपऱ्यात असलेली. भाग १ इमारतींसाठी आहे. १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला गाडी जाते तेव्हा निरीक्षक छाप बघू शकतो. रंगीत काच घेणार असाल तर बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, पुढच्या-मागच्याला ७० टक्के. माझं मत विचाराल तर साधी पांढरी घ्या. फक्त एका काचेसाठी भट्टी पेटवत नाहीत, पण दुसऱ्या मालाबरोबर एक तुकडा घालून देतात. थोडं थांबावं लागतं.

फायबरकाका_मालवण

काच येईपर्यंत कोपरा करून घ्या. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही. आतल्या बाजूने तडा व्ही आकारात घासा, आणि त्याच्या चहूबाजूंना चार बोटं जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा. चकाकी राहिली तर रेझिन धरत नाही. ॲसिटोनने पुसा. मग मॅटचे तुकडे, पहिला लहान, वरचे मोठे होत जाणारे, पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवून. ब्रशने हवा ठोकून बाहेर काढा, बुडबुडा राहिला तर तिथे पाणी बसतं.

हार्डनर १ ते २ टक्के, त्यापेक्षा जास्त नको. पावसाळी हवेत रेझिन लवकर धरत नाही म्हणून लोक हार्डनर वाढवतात, मग ते तापून ठिसूळ होतं. त्यापेक्षा दुपारी काम करा आणि शेजारी बल्ब लावून ठेवा. घासताना तोंडाला चांगला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, चष्म्याशिवाय बाटली उघडू नका.

हे सगळं टप बोल्टमधून सैल असताना करा. पिळलेल्या अवस्थेत कोपरा भरला तर पिळ कायमचा आत बंद होईल.

सह्यसखी

काकांचा शेवटचा परिच्छेद सोन्याचा आहे. वाचनखूण साठवली.

आता बसवण्याबद्दल. नवं रबर घ्या. जुनं दाबून वाकवा, बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसतील, त्या दिसल्या की ते संपलं. रबर ईपीडीएमचं (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) मागा. लांबी भोकाच्या परिघापेक्षा बोटभर जास्त कापा, कारण रबर वर्षभरात आकसतं आणि बरोबर मापाचा सांधा उघडतो. सांधा वरच्या सरळ कडेच्या मध्यभागी घ्या, पन्हळीच्या आडोशाला. कोपऱ्यात कधीच नको.

दोघं जण लागतात. मी आणि माझा धाकटा भाऊ होतो. आधी रबर काचेला चढवायचं. मग रबराच्या दुसऱ्या खाचेत, जी फायबरच्या काठावर बसते, तिच्यात पूर्ण फेरा नायलॉनची दोरी घालायची, पेन्सिलीपेक्षा थोडी पातळ. दोन्ही टोकं खालच्या कडेच्या मध्यावर, एकमेकांवरून वीतभर पुढे नेऊन, गाडीच्या आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. फायबरच्या काठाला आणि रबराला साबणाचं पाणी भरपूर. तेल, ग्रीस, रॉकेल अजिबात नाही, ईपीडीएम तेलाने फुगून लिबलिबीत होतं. थंडीच्या दिवसांत रबर आधी गरम पाण्यात बुडवून ठेवावं.

बाहेरच्या माणसाने काच जागेवर धरून तळव्यांनी दाबायची. आतल्याने दोरीचं एक टोक खिडकीच्या मध्याकडे, काचेला समांतर हळू ओढायचं. दोरी येते तसं रबराचं आतलं ओठ काठावरून पलटी होऊन आत येतं. बाहेरच्याने दोरी जिथे आहे तिथेच दाबत पुढे सरकायचं. कोपऱ्यात थांबायचं, पुन्हा साबणपाणी, मग ओढायचं. घाई केली की दोरी रबर कापते. पूर्ण फेरा झाला की बाहेरून रबराच्या खाचेत लॉकिंग बिडिंग, म्हणजे रबर आवळणारी बारीक पट्टी. बिडिंगने रबर फुगून दोन्हीकडे गच्च होतं, त्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

सिलिकॉनबद्दल: व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन रबराखाली भरू नका. तो शेजारच्या पत्र्याला आणि स्क्रूला गंजवतो आणि पुढच्या वेळी काच काढताना फायबरचा थर घेऊन निघतो. गळत असेल तर कधीही न सुकणारी ब्यूटाइलची पट्टी बाहेरच्या ओठाखाली.

यॉर्कशायरकर

सह्यसखी, दोरीची पद्धत इथेही जशीच्या तशी. एक भर घालतो: काच बसल्यावर बाहेरून चारही बाजूंनी तळव्याने थापट्या मारा, मुठीने नाही. रबर जागेवर बसल्याचं हाताला कळतं.

टप पुन्हा कधी उतरवाल तेव्हा तो भिंतीला उभा टेकवून ठेवू नका. आमच्याकडे हिवाळ्यात टप काढून ठेवणाऱ्यांच्या काचा अशाच जातात. खाली चार ठिकाणी ठोकळे, वर आडवा, बोल्टच्या भोकांपाशी आधार.

राधानगरीकर

मंडळी, काम झालं. उशिराने लिहितोय कारण काच यायला वेळ लागला आणि मधे पाऊस सुरू झाला.

टप सैल करून पॅकिंग दिलं. डाव्या मागच्या कोपऱ्याला तब्बल ११ मिमी लागलं, बाकी ठिकाणी २ ते ४. हौद्याच्या काठाला रंगाच्या आधी तिथे डेंटरने पत्रा ठोकून बसवला होता, त्यामुळे काठच खाली गेलेला. म्हणजे टप जसा होता तसाच होता, खालची गाडी बदलली होती. आता बोल्ट आवळल्यावर कर्ण ८५९ आणि ८६०. डावं चाक फरशीवर चढवून मुद्दाम मोजलं, तेव्हा ८६१ आणि ८५८. गाडी आता समोरच्या मैदानात सपाट जागी लावतो.

कोपरा काकांनी सांगितला तसा केला, उद्यमनगरातल्या फायबरवाल्याच्या देखरेखीखाली. त्यांनी आतून आणखी एक गोष्ट सुचवली: चारही कोपऱ्यांना आतून मॅटची रुंद पट्टी, तडा असो वा नसो. तीही घातली.

जुना तुकडा ५ मिमी निघाला. रबराची भिंत ५ मिमी. काच ७४८ बाय ३८८, गोलाई ५४, पांढरी, छापासह. फर्मा पहिल्यांदा वरच्या कडेला अडकला कारण वरची कड मध्यभागी दीड मिमी खाली आली आहे. हे पट्टीने कळलं नव्हतं, फर्म्यानेच कळलं. तेवढा प्लाय घासून तोच फर्मा पाठवला. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, फर्म्यावर 'बाहेरची बाजू' त्यांनीच लिहिलं.

दोरीने काच बसवायला आम्ही बापलेक आणि शेजारचे काका. सह्यसखी ताईंनी सांगितलं तसं कोपऱ्यात थांबत थांबत. खालच्या पुढच्या कोपऱ्यात ओठ आत दुमडलं होतं, ते प्लास्टिकच्या चमच्याच्या दांड्याने बाहेर काढलं. स्क्रू ड्रायव्हर जवळही आणला नाही. पडद्याच्या पट्टीचा तो स्क्रू लहान करून दुसरीकडे हलवला.

पाण्याची परीक्षा पाइपने केली, आधी खालून वर, म्हणजे कुठून येतं ते कळावं. कोरडं. मग आंबोलीला नेली. तिथला पाऊस कसा असतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. काचेतून थेंब नाही. मागच्या दाराच्या वरून थोडं पाणी आलं, ते टपाच्या मागच्या पन्हळीचं आहे, काचेचं नाही. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही पहिल्याच दिवशी 'का फुटली' विचारलं नसतं तर मी नुसती काच बदलून मोकळा झालो असतो.

मीनाक्षी_ठाणे

फार छान झालं. आमच्याकडेही त्याच काळातला बाहेरचा टप आहे, उजव्या काचेला कोपऱ्यात चरा दिसतोय. तुमचा फर्मा आहे का अजून? पाठवला तर परत करीन.

राधानगरीकर

फर्मा आहे, जरूर पाठवतो, व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या. पण त्याच्यावरून काच सांगू नका. मी कुतूहलाने आमच्याच टपाची उजवी खिडकी मोजली, ती डावीपेक्षा ६ मिमी लांब आहे. तुमच्यासाठी तो नुसता कोपऱ्याच्या गोलाईचा नमुना. चरा नखाला लागतो का बघा. लागत असेल तर काच बदलेपर्यंत त्या बाजूला मुलांना बसवू नका, आणि आधी कर्ण मोजून इथे टाका.

काचकाम

चरा कडेपासून किती आत आहे तेही लिहा, मीनाक्षीताई. फोटो टाकलात तर लगेच सांगतो.